मज्जारज्जूतील गाठ : हात लावावा की लावू नये?

चेतासंस्थेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर आधी मेंदू काढतो आणि मग त्याच्या खाली एक लांब शेपटी ओढतो. ही शेपटी म्हणजे मज्जारज्जू. पाठ्यपुस्तकात तिच्या वाट्याला चार-सहा ओळी येतात. प्रौढ माणसात मज्जारज्जूची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी आणि वजन जेमतेम ३०-३५ ग्रॅम असते. लहान मुलात तो अर्थातच याहून लहान असतो. एवढ्याशा दोरीतून मेंदूचे हुकूम हातापायांच्या स्नायूंकडे जातात आणि स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या वार्ता उलट दिशेने मेंदूकडे येतात. लघवी-शौचावरचा ताबा याच वाटेने चालतो. मानेच्या भागातील दोरी निकामी झाली तर श्वासही अडतो.

त्वचा कापली तर भरून येते, हाड मोडले तर जुळते. मज्जारज्जूतील चेतातंतू मात्र एकदा तुटले की पुन्हा जोडले जात नाहीत. म्हणून निसर्गाने हा रज्जू मणक्यांच्या हाडी बोगद्यात, तीन आवरणांच्या आत आणि द्रवात तरंगता ठेवला आहे.

आता कल्पना करा, की या दोरीच्या आतच एक गाठ वाढू लागली आहे, आणि ती दोरी सहा वर्षांच्या मुलाची आहे. काढायला जावे तर चाकू नेमका त्या तंतूंमधून न्यावा लागणार. न काढावी तर गाठ ते तंतू हळूहळू दाबून टाकणार. डॉक्टरांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. ते का बदलले, कोणत्या पुराव्यावर बदलले आणि आजही कुठे अडते, हे पाहण्यासारखे आहे.

आधी या आजाराचे प्रमाण ध्यानात घेऊ. मुलांमध्ये मेंदू आणि मज्जारज्जू यांत मिळून जेवढ्या गाठी आढळतात, त्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच मज्जारज्जूच्या वाट्याच्या असतात. त्यातही काही रज्जूच्या बाहेर, आवरणांना किंवा चेतामुळांना धरून वाढतात, तर काही थेट रज्जूच्या आत. बाहेरची गाठ रज्जूला बाजूने दाबते. आतली गाठ रज्जूला आतून फुगवते. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

लंडन, १८८७

पहिले यश बाहेरच्या गाठीच्या बाबतीत मिळाले, आणि तेही एका प्रौढ रुग्णाच्या. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात एक लष्करी अधिकारी दाखल झाला होता. सुमारे तीन वर्षे त्याची पाठ दुखत होती. अनेक वैद्यांना दाखवून झाले होते. शेवटी पाय लुळे पडले, त्यांतील संवेदनाही गेली. विल्यम गॉवर्स या चेताविकारतज्ज्ञाने त्याला तपासले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. शरीराच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. गॉवर्स यांच्यापाशी होती ती फक्त शरीररचनेची माहिती : वेदना नेमकी कोणत्या पट्ट्यात आहे, संवेदना कोणत्या रेषेखाली हरवली आहे, कोणते स्नायू चालत नाहीत. यावरून त्यांनी गाठ कोणत्या मणक्यापाशी असावी याचे अनुमान बांधले.

९ जून १८८७ रोजी व्हिक्टर हॉर्सली यांनी शस्त्रक्रिया केली. अनुमानाच्या जागी गाठ सापडली नाही. आणखी वरचे मणके उघडल्यावर बदामाएवढी गाठ दिसली. ती रज्जूच्या बाहेर होती, म्हणून अलगद सोडवता आली. वर्षभरानंतर तो रुग्ण चालत-फिरत होता आणि कामालाही लागला होता.

या घटनेतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. नुसत्या लक्षणांवरून शरीराच्या आतील गाठीची जागा बऱ्याच अंशी सांगता येते, ही पहिली. दुसरी अशी की लुळे पडलेले पाय पुन्हा चालू शकतात, म्हणजे दाबलेला तंतू आणि मेलेला तंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाब वेळेवर उतरला तर तंतू पुन्हा काम करू लागतो. मात्र 'वेळेवर' हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

रज्जूच्या आत पहिले पाऊल

रज्जूच्या आतील गाठ काढण्याचे यश १९०७ साली व्हिएन्नाच्या अँटन फॉन आयझेल्सबर्ग यांच्या नावे नोंदले आहे. पण ही वाट काहीशी पद्धतशीरपणे दाखवली ती न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी. १९११ मध्ये त्यांनी एडविन बीअर यांच्यासह दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली.

एल्सबर्ग यांनी रज्जूच्या मागच्या बाजूला एक बारीक उभा छेद घेतला. आतली गाठ त्या छेदातून आपोआप वर येऊ लागलेली त्यांना दिसली. ती ओढून काढण्याचा मोह त्यांनी टाळला. जखम बंद केली आणि सुमारे आठवडाभराने पुन्हा उघडली. तोवर गाठ बरीचशी बाहेर सरकली होती आणि मग ती सोडवणे सोपे गेले. यामागचे कारण साधे आहे. गाठ वाढताना रज्जूच्या आत दाब साठतो. वाट मिळाली की तोच दाब गाठीला बाहेर ढकलतो. चाकूचे काम कमी करून शरीरातील दाबाकडून ते करून घ्यावे, अशी ही युक्ती होती.

युक्ती सुंदर होती, पण ती सर्वत्र चालेना. गाठीला स्वतःची कड असेल तरच ती अशी अख्खी बाहेर सरकते. रज्जूच्या मधोमध असलेल्या बारीक नळीच्या अस्तरापासून होणाऱ्या गाठींना, म्हणजे एपेंडिमोमांना, बहुधा अशी कड असते. त्या प्रौढांत अधिक आढळतात. मुलांत अधिक प्रमाण असते ते अॅस्ट्रोसायटोमांचे. चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींपासून या गाठी होतात. त्या आणि निरोगी ऊती यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा नसते. फणसाचा गरा आठळीपासून वेगळा होतो. कणकेत मिसळलेले मीठ वेगळे काढता येत नाही. मुलांच्या गाठींची अवस्था बरीचशी दुसऱ्या प्रकारची होती. त्यामुळे मोठ्यांच्या बाबतीत मिळालेले धैर्य मुलांच्या कामी आले नाही.

सावल्यांचा आधार

गाठ कुठे आहे हे पाहण्याची साधने दरम्यान सुधारत होती. १९१९ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी रज्जूभोवतीच्या द्रवाच्या जागी हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याचा मार्ग सुचवला. त्यानंतर लवकरच फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी आयोडीनयुक्त तेल वापरले. क्ष-किरण या तेलातून पार जात नाहीत, म्हणून चित्रात तेल उठून दिसते. तेलाचा प्रवाह जिथे अडेल तिथे अडथळा आहे, असे समजायचे.

पण हे चित्र म्हणजे सावली होती. रज्जू फुगला आहे एवढे त्यातून कळे. आत घट्ट गाठ आहे की पाण्याने भरलेली पोकळी, हे कळत नसे. काही मुलांत रज्जू मानेपासून थेट खालच्या टोकापर्यंत फुगलेला दिसे. असे चित्र पाहून कोणताही शल्यविशारद हात मागे घेत असे, आणि त्याला दोष देता येणार नाही.

'थोडेसे काढा, बाकी किरणांवर सोडा'

विसाव्या शतकाच्या मध्यावर एक रीत रूढ झाली. मणक्यांची मागची बाजू उघडून रज्जूला फुगायला जागा करून द्यायची, गाठीचा लहानसा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा आणि नंतर क्ष-किरणांचा उपचार द्यायचा. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने किरणोपचाराच्या बाजूने अनुकूल मत दिले आणि या रीतीला बळ मिळाले. गाठीला फारसा हात न लावणे म्हणजे रुग्णाला सुरक्षित ठेवणे, अशी यामागची धारणा होती.

ही सुरक्षितता मुलांच्या बाबतीत किती खरी होती? पेशींचे विभाजन चालू असताना किरणांचा परिणाम त्यांच्यावर अधिक होतो. याच गुणामुळे ते गाठीवर चालतात. पण वाढत्या वयाच्या मुलाच्या मणक्यांतही विभाजन जोरात चालू असते. किरणांच्या वाटेत आलेल्या मणक्यांची वाढ खुंटे, पाठ वाकडी होई. मज्जारज्जूलाही किरणांची ठरावीक मात्राच सोसते. त्याहून अधिक दिली तर किरणांमुळेच अपंगत्व येण्याची भीती. शिवाय किरणांमुळे अनेक वर्षांनी दुसरीच गाठ उद्भवण्याचा धोका मुलात अधिक, कारण त्याच्यापुढे आयुष्य मोठे असते.

मणके उघडण्याचाही तोटा होता. मागच्या हाडी कमानी काढून टाकल्या की वाढत्या मुलाची पाठ पुढे वाकू लागे. या प्रश्नावर १९७६ मध्ये शिकागोच्या अँथनी रायमाँडी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक उपाय मांडला. कमानी तोडून फेकायच्या नाहीत. पेटीचे झाकण उचलावे तशा त्या अखंड उचलायच्या आणि काम झाल्यावर जागी बसवायच्या. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. तिच्यामागे मात्र एक नवा विचार होता : मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याला अजून वाढायचे आहे आणि उपचाराने त्याच्या वाढीचाही विचार केला पाहिजे.

दाताच्या दवाखान्यातून आलेले यंत्र

दरम्यान शस्त्रक्रियेची हत्यारे बदलत होती. ह्यूस्टनच्या जेम्स ग्रीनवुड यांनी १९४० मध्ये दोन टोकांचा विद्युत चिमटा वापरात आणला. साध्या विद्युत उपकरणात प्रवाह रुग्णाच्या शरीरातून दूरवर जातो. या चिमट्यात तो दोन टोकांमधल्या इवल्याशा जागेतच राहतो, त्यामुळे रक्तवाहिनी बंद करताना शेजारचे तंतू भाजत नाहीत. न्यूयॉर्कच्या लिओनार्ड मॅलिस यांनी पुढे त्यात मोठी सुधारणा केली. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला थिओडोर कुर्झ यांनी चेताशस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. ग्रीनवुड यांनी १९५४ पासून प्रौढांमधील आतल्या गाठी पूर्ण काढल्याचे दाखले प्रसिद्ध केले. मुलांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण कड नसलेली गाठ काढायची तर ती चिमट्याने ओढावी लागे, आणि ओढले की ताण निरोगी तंतूंवर येई.

यावर तोड निघाली ती अगदी वेगळ्या दिशेने. दात साफ करण्यासाठी दंतवैद्य श्राव्यातीत कंपनांचे यंत्र वापरत असत. ते पाहून चार्ल्स केलमन या न्यूयॉर्कच्या नेत्रविशारदाला कल्पना सुचली, की अशाच कंपनांनी डोळ्यातील मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घेता येईल. १९६७ मध्ये त्यांनी ही पद्धत जाहीर केली. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मोतीबिंदूची बिनटाक्याची शस्त्रक्रिया होते. तिचे मूळ इथे आहे.

याच तत्त्वावर शल्यविशारदांसाठी मोठे यंत्र तयार झाले. त्याच्या हातात धरायच्या दांड्याचे टोक पोकळ धातूचे असते आणि ते सेकंदाला सुमारे २३,००० वेळा कंप पावते. टोकाला लागलेली मऊ, पाणीदार ऊती फुटते, वरून सोडलेल्या द्रवात मिसळते आणि त्याच पोकळीतून शोषली जाते. रक्तवाहिन्यांसारख्या चिवट ऊती त्या मानाने टिकून राहतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाठीला ओढावे लागत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील यूजीन फ्लॅम, जोसेफ रॅन्सोहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील गाठींसाठी या यंत्राचा वापर १९७८ मध्ये प्रसिद्ध केला.

फ्रेड एप्स्टाइन यांचे धाडस

त्याच केंद्रात मुलांच्या चेताशस्त्रक्रियेचे काम फ्रेड एप्स्टाइन पाहत होते. शिक्षकांना त्यांच्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एप्स्टाइन यांना शाळेत अभ्यास फार जड जाई. त्यांना शिकण्यात ज्या अडचणी होत्या, त्यांना आज आपण अध्ययन अक्षमता म्हणतो. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांचा अर्ज नाकारला होता. वर्गात मागे पडणाऱ्या या मुलाने पुढे इतरांनी सोडून दिलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया हाती घेतल्या.

१९८१ मध्ये त्यांनी तीन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. या मुलांचा रज्जू जवळजवळ संपूर्ण लांबीभर फुगलेला होता. रूढ समजुतीनुसार त्यांना हात लावण्यात अर्थ नव्हता. एप्स्टाइन यांनी रज्जू मागून मधोमध उघडला आणि श्राव्यातीत यंत्राने गाठ आतून बाहेरच्या दिशेने पोखरत नेली. कड शोधत बसण्याऐवजी गाठीच्या पोटातून सुरुवात करायची आणि ऊतीचा रंग व पोत बदलू लागला की थांबायचे, असा क्रम. एक महत्त्वाची बाबही स्पष्ट झाली. फुगलेल्या रज्जूचा मोठा भाग म्हणजे गाठीच्या वर आणि खाली साठलेल्या द्रवाच्या पोकळ्या होत्या. खरी घट्ट गाठ सावलीतून वाटे त्याहून बरीच आखूड होती. पुढच्याच वर्षी त्यांनी १९ मुलांचा अनुभव मांडला.

अनेक समव्यवसायींना हे धाडस अविचाराचे वाटले. त्यांची शंका रास्त होती. एखाद्या कुशल माणसाच्या हातून साधलेली गोष्ट म्हणजे उपचारपद्धती नव्हे. ती पद्धत व्हायची तर दोन गोष्टी हव्या होत्या. गाठीचे आतले चित्र आधी दिसले पाहिजे, आणि चाकू चालू असतानाच तंतू जिवंत आहेत की नाहीत हे कळले पाहिजे.

पहिली गरज एमआरआयने भागवली. १९८० च्या दशकात हे यंत्र रुग्णालयांत आले आणि प्रथमच शरीर न उघडता रज्जूच्या आत पाहता येऊ लागले. घट्ट गाठ कुठे, पोकळी कुठे, हे शस्त्रक्रियेआधीच दिसू लागले. अंदाजाची जागा नकाशाने घेतली.

चालू वाहिनीवर पहारा

दुसरी गरज अधिक अवघड होती. रुग्ण भुलीखाली असतो. त्याला 'पाय हलव' असे कसे सांगणार? फ्रान्समधील स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पाठीच्या वाकड्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नेमके हेच केले होते. भूल मधेच हलकी करून रुग्णाला पाय हलवायला सांगायचे. पण ही परीक्षा एकदा-दोनदाच घेता येते. रज्जूच्या आत तासन्‌तास काम चालते तिथे ती पुरत नाही.

मग विजेच्या संकेतांचा मार्ग आला. घोट्यापाशी चेतेला हलका विद्युत धक्का द्यायचा आणि तो संकेत मेंदूपर्यंत पोचतो का, हे डोक्याला लावलेल्या तारांनी पाहायचे. यात एक खोच आहे, आणि ती विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवण्याजोगी आहे. हा संकेत रज्जूच्या मागच्या भागातील संवेदनेच्या वाटेने वर जातो. हालचालीचे हुकूम मुख्यतः बाजूच्या भागातील वेगळ्या वाटेने खाली येतात. म्हणजे संवेदनेचा संकेत शाबूत असूनही पाय लुळे पडू शकतात. शिवाय शल्यविशारद मागूनच छेद घेतो, त्यामुळे संवेदनेचा संकेत सुरुवातीलाच बिघडतो आणि पहारेकरी उगाच ओरडतो. एका रस्त्यावर पहारा ठेवून दुसऱ्या रस्त्यावरची खबर मिळत नाही.

हालचालीच्या रस्त्यावरच पहारा हवा होता. त्याचे बीज जुने होते. पॅटन आणि अमॅसियन यांनी १९५४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते, की मेंदूच्या हालचालीच्या भागाला विद्युत धक्का दिला तर रज्जूतून एक ठळक लहर थेट खाली जाते. तिला 'डी-लहर' म्हणतात. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटी न उघडता, डोक्याच्या त्वचेवरून माणसाच्या मेंदूला असा धक्का देता येतो हे दाखवले. मूळ क्रोएशियाचे वेद्रान डेलेटिस आणि नंतर कार्ल कोथबाउअर यांनी एप्स्टाइन यांच्यासह १९९० च्या दशकात या दोन्ही गोष्टी शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी एकत्र आणल्या. डोक्यावरून धक्का द्यायचा, गाठीच्या खालच्या बाजूला रज्जूवर ठेवलेल्या तारेने डी-लहर टिपायची, आणि हातापायांच्या स्नायूंतील प्रतिसादही नोंदवायचा.

यातून एक उपयुक्त नियम हाती आला. स्नायूंचा प्रतिसाद नाहीसा झाला, पण डी-लहरीची उंची मूळच्या निम्म्याहून अधिक राहिली, तर येणारा लुळेपणा बहुधा तात्पुरता असतो. डी-लहर निम्म्याखाली उतरू लागली तर कायमचा लुळेपणा येण्याचा धोका असतो. अशा वेळी थांबायचे, कोमट द्रवाने जागा धुवायची, रक्तदाब वाढवायचा, लहर सावरते का याची वाट पाहायची. न सावरली तर उरलेली गाठ तशीच ठेवायची. कुठवर जायचे हे ठरवायला शल्यविशारदाच्या अनुभवाच्या जोडीला आता मोजलेला आकडा आला.

यशापयशाचा हिशेब

नव्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी आपल्या अपयशाचाही हिशेब मांडला, ही या इतिहासातील मोलाची गोष्ट आहे. १९८९ मध्ये एप्स्टाइन यांच्याच गटाने झपाट्याने वाढणाऱ्या, घातक अॅस्ट्रोसायटोमांच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गाठ जास्तीत जास्त काढूनही बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले होते. अशा गाठींच्या बाबतीत मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही, हे त्यांनी सरळ लिहिले. ज्याच्यावर आपले नाव उभे आहे त्या पद्धतीची मर्यादा स्वतःच जाहीर करणे सोपे नसते.

२००० साली १६४ मुले आणि तरुण रुग्णांचा दीर्घ अभ्यास आला. सगळे २१ वर्षे किंवा त्याहून कमी वयाचे होते. सुमारे ७७ टक्के रुग्णांत गाठ जवळजवळ पूर्ण काढता आली. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी सुमारे ६० टक्के रुग्णांची हालचाल पूर्वीइतकीच होती, १६ टक्क्यांची सुधारली होती आणि २४ टक्क्यांची बिघडली होती. मंद वाढणाऱ्या गाठींच्या रुग्णांपैकी सुमारे ७८ टक्के पाच वर्षांनंतर गाठ न वाढता जिवंत होते. घातक गाठींत हे प्रमाण फक्त सुमारे ३० टक्के होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. दर चारांपैकी जवळपास एका मुलाची हालचाल निदान त्या वेळेपुरती तरी बिघडली, ही किंमत लहान नाही. पण मंद गाठींच्या बाबतीत बहुतेकांना किरणांवाचून अनेक वर्षे मिळाली, हेही खरे. 'हात लावू नये' या जुन्या उत्तराच्या जागी आता 'गाठ कोणत्या जातीची आहे ते पाहून ठरवावे' असे उत्तर आले.

सदाफुली आणि जनुके

ज्या गाठी पूर्ण काढता येत नाहीत किंवा पुन्हा वाढतात, त्यांच्यासाठी औषधांचा पर्याय १९९० च्या दशकात पुढे आला. विशेषतः लहान वयाच्या मुलांत किरणोपचार टाळावा किंवा पुढे ढकलावा, हा त्यामागचा हेतू. कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही जोडी यात अनेकदा वापरली जाते. व्हिन्क्रिस्टिन मिळते सदाफुलीपासून. आपल्या अंगणात, शाळेच्या कुंपणापाशी बारमाही फुलणारे हे झुडूप मूळचे मादागास्करचे. त्यातील हे द्रव्य पेशींच्या विभाजनासाठी लागणारे सूक्ष्म धागे तयार होऊ देत नाही. जीवशास्त्राच्या तासाला पेशीविभाजन शिकवताना हे उदाहरण सहज देता येईल.

पुढचा टप्पा जनुकांचा. २००८ मध्ये मुलांमधील मंद अॅस्ट्रोसायटोमांत 'ब्रॅफ' नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल वारंवार आढळला. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीला 'वाढ' असा इशारा देते. बदलामुळे हा इशारा थांबतच नाही, दिव्याचे बटण अडकून बसावे तसा. हा इशारा तोडणारी औषधे आता आली आहेत. या जनुकातील एका विशिष्ट बदलाच्या, मंद वाढणाऱ्या गाठींसाठी अशा दोन औषधांच्या जोडीला अमेरिकेत २०२३ मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. त्यामुळे तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्याचे महत्त्व वाढले आहे. गाठ कशी दिसते एवढ्यावर न थांबता तिच्यातील कोणते बटण अडकले आहे हेही आता पाहतात. घातक गाठींपुढे मात्र वैद्यकाचे बळ अजून फार कमी पडते.

शिक्षकांचा संबंध कुठे येतो?

२००० सालच्या त्या अभ्यासातील एक निष्कर्ष अजून सांगायचा राहिला आहे. शस्त्रक्रियेनंतर मूल कसे चालेल, हे सर्वांत अधिक अवलंबून होते ते शस्त्रक्रियेआधी ते कसे चालत होते यावर. चालत आलेली मुले बहुधा चालत राहिली. ज्यांचे पाय आधीच गेले होते, त्यांना ते क्वचितच परत मिळाले. १८८७ च्या रुग्णाचे पाय परत आले, पण त्याची गाठ रज्जूच्या बाहेर होती. आतल्या गाठीत तेवढी सवलत मिळत नाही. यंत्रे कितीही सुधारली तरी ती उरलेले तंतू वाचवतात, गेलेले परत आणत नाहीत.

आणि वेळ नेमका निदानाआधीच जातो. मंद वाढणारी गाठ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पुसट लक्षणे देत राहते. ती लक्षणे घरच्यांच्या इतकीच शिक्षकांच्याही नजरेसमोर असतात.

पाठ किंवा मान सतत दुखते, विशेषतः रात्री आडवे झाल्यावर दुखून मूल झोपेतून उठते. चांगले धावणारे मूल वारंवार अडखळून पडू लागते, किंवा त्याची एका पायाची चप्पल वेगळीच झिजते. मान एका बाजूला कललेली राहते. पाठीला बाक येतो आणि ती दुखतेही. हस्ताक्षर विनाकारण बिघडत जाते, सदऱ्याच्या गुंड्या लावता येईनाशा होतात. लघवीवर ताबा आलेले मूल पुन्हा वर्गात कपडे ओले करू लागते. अशा मुलाला आपण आळशी, धांदरट किंवा लाडावलेले म्हणून मोकळे होतो. खेळाच्या तासाला टाळाटाळ करतो म्हणून त्याला शिक्षाही होते.

याचा अर्थ पाठदुखीची तक्रार करणाऱ्या प्रत्येक मुलाला गाठ आहे असा मुळीच नाही. दप्तराचे ओझे, बसण्याची वाईट सवय, मैदानावरचा मुका मार ही कारणे कितीतरी पटींनी अधिक असतात, आणि हा आजार फार दुर्मिळ आहे. पालकांना घाबरवण्याचे काहीच कारण नाही. पण तक्रार आठवडेच्या आठवडे टिकत असेल, वाढत असेल, किंवा तिच्या जोडीला चालण्यात, लिहिण्यात, लघवीच्या ताब्यात बदल दिसत असेल, तर पालकांना बोलावून 'डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्या' एवढे सांगायला हरकत नाही. डॉक्टरांना काय सांगायचे तेही कागदावर लिहून द्यावे : कोणता बदल, कधीपासून, कसा वाढत गेला. गॉवर्स यांनी अशाच बारीक निरीक्षणांच्या आधारे आत न पाहता गाठीच्या जवळपास बोट ठेवले होते.